छाटलं की दोन फुटवे

३ मार्च, सोमवार
बावन्नाव्या वर्षी नोकरी लागली! ताई म्हणाली, तुझ्या जिभेसकट घेतलं त्यांनी? धन्य आहेत. काचघर लख्ख, राहायची खोली त्याला लागूनच, आणि रोपं उलट उत्तर देत नाहीत. काम फवारणीचं. पंपातल्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे कण असतात. ते पानाच्या छिद्रांतून आत शिरतात आणि पोटातली इवलीशी कात्री पेशीत सोडतात. ती जनुक कापते. मग रोपाची फांदी छाटली की आठवड्याभरात पुन्हा फुटते, एकीच्या जागी दोन. हे सगळं मॅडमनी समजावलं, त्या शास्त्रज्ञ. छाटणी दर गुरुवारी, ती माळीकाकांकडे. आम्ही तिघंच.

७ मार्च
हातमोजे मागितले. मॅडम म्हणाल्या, कण पानांसाठी आहेत, तुम्ही काय पान आहात? मीही हसले. नखं हिरवट दिसताहेत. ताईला फोनवर सांगितलं. म्हणे, कामाचा कंटाळा, दुसरं काय.

१३ मार्च, गुरुवार
काकांना छाटणीत हातभार लावायला गेले आणि कात्री निसटली. डाव्या करंगळीचं पेर गेलं. रक्त थेंबभर, तेही फिकट. दुखलं मात्र व्यवस्थित. काकांनी पेर उचलून छाटलेल्या फांद्यांच्या टोपलीत टाकलं. सवयीने. मग ओशाळले.

१९ मार्च
करंगळी फुटली. दोन! दोन्ही हलतात. मॅडमना दाखवल्या, तिथेच चुकले. त्यांना आनंदाने रडू आलं. रोपांत शंभरात तिनांनाच लागू पडतं, तुम्हाला पहिल्याच फटक्यात, म्हणाल्या. मी दवाखान्यात निघाले, तर दाराला कुलूप. फोन मॅडमच्या खणात.

२० मार्च, गुरुवार
डाव्या हाताची उरलेली चार बोटं छाटली. एकेक करून, नोंदीसाठी. ओरडले तर काका म्हणाले, बाई, हळू, रोपं दचकतात.

२७ मार्च
आठ आली. कोवळी, पेन धरवत नाही. पण उजवा हात त्यांनी आज — कोपरापासून —
ताईचा फोन आला होता. मॅडमनी सांगितलं, बाई इथे छान रुळल्यात. ताई म्हणाली म्हणे, ठेवूनच घ्या.

३ एप्रिल
गुरुवार. काका कुरकुरताहेत — फांद्या झाल्या पुष्कळ, पण रोप भरदार व्हायचं तर शेंडा खुडावाच लागतो — मॅडम मानेपाशी खडूने रेघ —
मी म्हटलं, अहो, डोकं एकच असतं माणसाला.
दोन येतील की, म्हणाल्या. किती गोड हसून.
पण त्या दोघींत मी कुठली अस—