डॉक्टरीण म्हणाली, फाइन

४ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. मी बोलते, मोबाइल लिहितो. मला वाचता येत नाही, त्यामुळे मी काय म्हणाले ते मला कधी कळायची भीती नाही. सोय चांगली आहे.
संकल्प: पुढच्या महिन्यात धाकट्या बहिणीकडे जायचं. एकटीनं. आमचे हे सोबत नकोत. आयुष्यभर पिठाची गिरणी चालवून ह्यांचे कान गेलेत, स्टेशन आलं तरी कळायचं नाही.
मानेवर एक गाठ आलीय. वाटाण्याएवढी. उशी बदलते.

९ फेब्रुवारी
उशी बदलली. वाटाणा तिथेच.
वेणी घालताना सुनेच्या बोटाला लागला. म्हणाली, अहो आई, हे कधीपासून? म्हटलं, तुझ्या लग्नापासून, तूच मानगुटीवर बसलीयस. हसली नाही. म्हणाली, उद्या डॉक्टरकडे. म्हटलं, मी नाही येणार, माझी बॅग भरायचीय. म्हणाली, मग बॅग घेऊनच चला. तोंडाळ आहे. माझ्याच हाताखाली तयार झालीय.
घसाही बसलाय. गिरणीच्या घरघरीवर ओरडून संसार केला. तो आता बसायचा नाही तर कधी?

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ
दोन दिवस टाळलं, आज गेले. मनाशी म्हटलं होतं, डॉक्टर असो की कोणी, गाठ माझ्याशी आहे. नंतर लक्षात आलं, भलतंच बोलले.
डॉक्टरीण पोरसवदा. मान चाचपत राहिली. सुनेशी इंग्रजीत बोलली. मला एकच शब्द कळला. फाइन. दोनदा म्हणाली! मीच उठून चप्पल घातली.
परत येताना सून रिक्षात डॉक्टरणीची चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचत होती. तिला वाटलं असणार, उगाच घाबरवलं म्हाताऱ्या बाईला. मी काही बोलून दाखवलं नाही. फक्त चारदा म्हटलं, बघ, फाइन.
बहिणीचा फोन आला. कशी आहेस, विचारलं. म्हटलं, फाइन. ती म्हणाली, अगं बाई, इंग्रजी! पुढच्या आठवड्यात कसलीशी टेस्ट आहे. फाइन आहे याची खात्री करून घेत असतील.

१४ फेब्रुवारी
सून घरी बसून भाषांतराचं काम करते. इस्त्री, मिक्सर, औषधं यांच्या खोक्यातून घडी घातलेला कागद निघतो ना, तो आपल्या भाषेत आणते. टेबलावर विटेएवढ्या डिक्शनऱ्या. तर तिलाच विचारलं, फाइन म्हणजे नेमकं काय गं?
म्हणाली, ठीक. छान. उत्तम.
म्हटलं, मग डॉक्टरीण तेच म्हणाली ना?
म्हणाली, थांबा हं, भाजी करपतेय.
गॅसवर भाजी नव्हती.

१५ फेब्रुवारी
सून बाजारात गेल्यावर ह्यांना डिक्शनरी धरायला लावली. ह्यांना अक्षर येतं, आवाज आवरता येत नाही. ओरडले, फाइन! छान! म्हटलं, ते माहितीय, पुढे. ओरडले, बारीक! म्हटलं, हळू. ओरडले, दंड! समोरच्या बाईनं खिडकी उघडली.
म्हटलं, दंड कोणाला? कशाबद्दल? हे म्हणाले, छापलंय ते वाचतोय, मला काय विचारतेस.
एका शब्दात छान आणि दंड. इंग्रजांचं कशाला कशाचा मेळ नाही. बारीक मात्र पटलं. पीठ चिमटीत धरून बारीक की जाड सांगण्यात माझा जन्म गेला. गिऱ्हाइकांना सांगायचं होतं, बाई, तुमचं दळण फाइन आलंय.
वाटाणा जरा फुगलाय. भिजला की फुगतोच. रात्री केस धुतले होते.

१८ फेब्रुवारी
टेस्ट झाली. डॉक्टरीण आज आपल्या भाषेत बोलली. म्हणाली, घाबरू नका आजी, एकदम बारीक सुई असते, त्या दिवशी म्हणाले ना, फाइन नीडल.
म्हणजे फाइन मी नव्हते. सुई होती.
रिक्षात यावर विचार केला. सुई बारीक घेतली म्हणजे आजारही बारीकच असणार. मोठं काही असतं तर दाभण घेतलं असतं. सुनेला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, हं. बाहेर बघत होती. बाहेर नुसती दुकानं होती, तीही बंद.

२० फेब्रुवारी
रिपोर्ट यायचाय. बॅग भरून दाराशी ठेवलीय. ह्यांना दोनदा ठेच लागली.
सुनेनं माझ्या चहात आपणहून साखर टाकली. एरवी डबा लपवते. म्हटलं, हा चहा की पाक? म्हणाली, आवडतो ना, प्या. मला चहा गेला नाही. घशातून गिळायलाच जरा... दूध खराब असणार.

२२ फेब्रुवारी, दुपार
सुनेनं एकदा सांगितलं होतं, शब्दांनाही माहेर असतं. आज विचारलं, तुझ्या त्या फाइनचं माहेर कुठलं?
म्हणाली, लांबचं. फार जुन्या भाषेतलं.
तिथे काय म्हणतात त्याला?
ती पेनाचं टोपण घालत बसली. काढलं, परत घातलं. म्हटलं, अगं, बोल ना. म्हणाली, शेवट.
मग घाईघाईनं पुढे. म्हणे, शेवटपर्यंत नीट नेलेलं काम ते उत्तम, म्हणून फाइन. तितकं सफाईचं झालं की नाजूक, बारीक, तेही फाइन. भांडण कायमचं मिटवायला शेवटी भरायचं, तो दंड, तोही फाइन. नुसता शेवट असा अर्थ आता कोणी घेत नाही, आई. कोणीच नाही. हे तिनं दोनदा सांगितलं.
म्हटलं, मी कुठे घेतेय? म्हणजे शेवट गोड, एवढाच अर्थ. तू उगाच पुस्तकं धुंडाळतेस.
मग तिनं बाथरूमचा नळ बराच वेळ चालू ठेवला. पाण्याची नासाडी. ओरडायला गेले, आवाज फुटला नाही.

२४ फेब्रुवारी
मुलगा आला. परगावी नोकरी, रजा कधी मिळत नाही म्हणतो. आज मिळाली. म्हणाला, सहजच आलो गं. येताना माझ्यासाठी शाल आणली. बाहेर ऊन मी म्हणतंय.
दाराशी माझी बॅग दिसत नाही. हे म्हणाले, मी नाही उचलली. विचारलंच नव्हतं.
उद्या रिपोर्ट. मी ठरवलंय, डॉक्टरणीला बोलूच द्यायचं नाही. आधीच सांगायचं, मी फाइन आहे, गाडीचं तिकीट काढायचंय.

२५ फेब्रुवारी, संध्याकाळ
सांगितलं. डॉक्टरणीनं खुर्ची जवळ ओढली, माझा हात धरला. सगळं आपल्या भाषेत बोलली. सावकाश. एकच शब्द इंग्रजी होता. त्याचा अर्थ मला कोणाला विचारावा लागला नाही.
घरी जेवायला बसलो. मुलगा पाणीच पीत होता. हे मोठ्यानं म्हणाले, काय म्हणाली ती?
मी सुनेला म्हटलं, भाजी अळणी झालीय.
मीठ बरोबर होतं. आम्हा दोघींना माहीत होतं.
ती म्हणाली, हो आई.
म्हटलं, अगं, भांड की.
तिनं माझ्या ताटात आणखी भाजी वाढली.