रस्त्याची तिसरी लेन

प्रिय ताई,

पत्र बघून म्हणशील, याचा फोन मोडला की काय? मोडला नाही गं. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, आणि हे एका दमात सांगायचंय.

तुमच्या जुन्या दुकानासमोरच्या रस्त्याच्या तीन लेनच्या दोन झाल्या. उरलेल्या जागेत गाड्या लावायला पांढरे पट्टे आखलेत. परवा कंत्राटदाराच्या माणसांबरोबर टेप धरून मीच उभा होतो. दुकानाच्या जागी आता चष्मेवाला आहे. त्याच्या दारात एक बाई गाडी लावून आरामात उतरली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शिलाई मशीन दुरुस्तीला आणायचं तर गाडी दारात थांबायला हवी. तिथे थांबायला जागाच नव्हती, म्हणून दाजी दोन गल्ल्या पलीकडून ते धूड खांद्यावर आणायचे. त्यांची कंबर गेली, गिऱ्हाईक गेलं, शेवटी दुकानही गेलं. बारा वर्षं तुझा एकच धोशा, यांना धंदा जमला नाही. गेल्या महिन्यात तर जेवताना सगळ्यांसमोर म्हणालीस. दाजी खाली मान घालून जेवत राहिले.

ताई, दुकान चालू होतं तेव्हाच या पार्किंगचा प्रस्ताव पालिकेत माझ्याच टेबलावर आला होता. आम्ही आठवडाभर गाड्या मोजल्या आणि मी लिहून दिलं, वाहतुकीला तिन्ही लेन लागतात, पार्किंग देता येणार नाही. पण नेमका त्याच आठवड्यात शेजारचा रस्ता पाइपलाइनसाठी खणला होता, तिकडच्या सगळ्या गाड्या इकडून जात होत्या. हे कळलं तोवर माझी सही होऊन गेली होती. फेरमोजणी मागितली असती तर ऑफिसात म्हणाले असते, बहिणीच्या दुकानासाठी खटपट चाललीय. मी माझं नाव जपलं आणि मूग गिळून बसलो. चुकलो गं, फार चुकलो.

आणि ही चूक मला कुणी दाखवली माहितेय? दाजींनी. ऑफिसात येऊन, शांतपणे. मी हात वर केले. ते चिडलेसुद्धा नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, तुझ्या ताईला यातलं काही सांगू नकोस, तिला तू एकच भाऊ आहेस. तेव्हापासून ते तुझं सगळं ऐकून घेतात. मला आता ते बघवत नाही, म्हणून हे पत्र. ते घरातच असतील. जा, आधी त्यांच्याशी बोल. माझ्याशी नाही बोललीस तरी चालेल.

तुझाच,
धाकटा