येताना बघते

बाबा, मी हल्ली धावते. हसायचं तर हसून घे, सगळा गाव हसून झालाय. सेहेचाळीस वर्षांची बाई लुगड्याचा काष्टा घट्ट मारून, पायात शाळेच्या पोरांचे पांढरे कॅनव्हासचे बूट घालून तांबडं फुटताना घरातून निघते, हातखंब्याचा तिठा गाठते आणि मागे फिरते. चार मैल तिकडं, चार मैल इकडं. काजूच्या कारखान्यात दिवसभर पाटावर बसून काजू फोडून माझे गुडघे धरले आणि रक्तात साखर निघाली. रत्नागिरीचा डॉक्टर म्हणाला, रोज दोन तास चाला. म्हटलं, दोन तास आणू कुठून? आठला कारखान्याचा भोंगा होतो. मग चालायचं ते धावून उरकायला लागले. पहिल्या आठवड्यात पऱ्यावर धुणं धुणाऱ्या बायका ओरडल्या, "काय गो, वाघरू लागलाय काय पाठी?" दुसऱ्या आठवड्यात शेजारची म्हातारी म्हणाली, "टपाल्याची पोर ना ती! थैली घरी इसरली, आनि नुसतीच धावतंय." सगळ्या फिदीफिदी हसल्या. मीही हसले, कारण म्हातारीनं बरोबर ओळखलं होतं. वाट तुझीच आहे. तेव्हा पायवाट होती, आता डांबर आहे.

माझं लिहिणं तिसरीपर्यंतचं. त्यात काजूच्या चिकानं बोटं काळी पडलीत, कातडं निघालंय, पेन धरवत नाही. तेव्हा चुका काढत बसू नको. मला एक सांगायचंय, आणि ते तोंडानं कुणाला सांगता येत नाही.

पोस्टातले तुला रनर म्हणत, गावातले टपाल्या. खांद्यावर थैली, हातात घुंगरांची काठी. सहाला निघायचं आणि सातच्या मोटारीत हातखंब्याला थैली टाकायची. मोटार कुणासाठी थांबत नव्हती, म्हणून तूही थांबत नव्हतास. वाटेत कुणी हाक मारली तर पाय न थांबवता ओरडायचास, "येताना!" आणि येताना खरंच थांबायचास. कुणाचं औषध, कुणाचा सुईदोरा. कुणा म्हातारीची मोळी स्वतःच्या डोक्यावर घेऊन तिच्या दारात टाकायचास. कुणा बाईचं मुंबईचं पत्र बांधावर बसून वाचून दाखवायचास, वाईट बातमी असली तर आधी तिला पाणी पाजायचास. मला पहिली रबरी चप्पल आणलीस तीही येताना. ज्यांना तू ओळखत नव्हतास तीही माणसं तुझ्या घुंगरांची वाट बघत बसायची. तुझा शब्द कधी पडला नाही, हे मला कबूल आहे.

आणि आपल्या घरात 'जा' हा शब्द नव्हता. निघताना 'येतो' तर सगळेच म्हणतात, पण आपल्याकडं ते फारच होतं. तुझ्या वाटेवर वाघरू होतं, पावसात पऱ्या होता, म्हणून आयेनं तो शब्दच घरातून हद्दपार केला होता. तू घराबाहेर पडताना तर कुणी तो उच्चारायचाच नाही. मी सात वर्षांची होते. तू थैली बांधतोयस, मी दारात उभी राहून विचारते, "बाबा, जाताना मला पण नेशील? मोटार बघायची हाय." फाडकन थोबाडीत बसली. तू मला आयुष्यात एकदाच मारलंस, ते तेव्हा. कान दोन दिवस वाजत होता. "परत तो शब्द काढशील तर जीभ छाटीन," म्हणालास, आणि उंबऱ्यातून मागे फिरलास, खाली बसलास, पाणी प्यायलास, मगच निघालास. त्या दिवशी मोटार चुकता चुकता राहिली असं आये नंतर सांगायची.

त्यानंतर दोन वर्षांनी आये गेली. आषाढ होता, वाडीतली झाडून सगळी माणसं लावणीला शेतात. तू निघालास तेव्हा आये चुलीपाशी कंबर धरून बसली होती. म्हणाली, येताना सुईणीला घेऊन या, आज होईलसं वाटतंय. तू म्हणालास, येताना आणतो. तू निघालास आणि पाच मिनिटांत तिची कळ वाढली. तिनं मला तुझ्या मागे पिटाळलं. मी चिखलातून धावले. पऱ्यापाशी तुझी घुंगरं ऐकू आली, तुला गाठलं. सुईणीची वाडी पऱ्याच्या पलीकडं, वाट सोडून थोडी आत. पऱ्या छातीएवढा होता, काठीशिवाय नऊ वर्षांच्या पोरीला ओलांडता येण्यासारखा नव्हता. मी तुला निरोप सांगितला. तू थांबला नाहीस. तू येताना सुईणीला घेऊन आलास तेव्हा दहा वाजून गेले होते, आणि आये संपली होती, पोटातलंही संपलं होतं. मी चुलीपाशी बसले होते. तिचं लुगडं भिजून रक्त पार चुलीपर्यंत आलं होतं, ते मी राखेनं झाकत होते.

हे मी सगळ्यांना सांगितलं. आजीला, मामांना, सासरी आल्यावर सासूला. मी सांगितलं, मी गाठलं, मी बोलले, पण त्याला मोटार मोठी होती. मामांनी तुझ्याशी बोलणं टाकलं ते मरेपर्यंत. तू खाली मान घालून बसायचास. मीही तुझ्याशी कामापुरतं बोलले. तू अंथरुणाला खिळलास, आठ दिवस जीव निघत नव्हता, तेव्हा बायका म्हणाल्या, लेकीनं निरोप दिल्याशिवाय सुटायचा नाही. मी तुझ्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "जा." सगळ्यांना वाटलं, काय धीराची पोर. तुला कळलं असेल मी तो शब्द का निवडला ते. तू डोळे उघडून माझ्याकडं बघितलंस, आणि संध्याकाळच्या आत गेलास.

म्हणून धावताना मी थांबायचे. वाटेत कुणीही असो, थांबायचे. तिठ्याच्या वळणावर ट्रक उलटला, ड्रायव्हर परमुलखातला, माझी भाषा त्याला कळेना. मी त्याच्या डोक्याला पदर फाडून बांधला आणि एस.टी.त घालून दिला. एक बाई तापलेलं पोर घेऊन भलत्याच फाट्यावर गाडीची वाट बघत बसली होती. तिला म्हटलं, "अक्कल गहाण ठेवलीस काय? इथं गाडी थांबत नाय," आणि पोर खांद्यावर घेऊन तिला तिठ्यापर्यंत पळवत नेली. मुंबईच्या पावण्यांची मोटार गटारात रुतली होती. साहेब बूट सांभाळत उभा. त्याला म्हटलं, "बूट काढा आनि ढकला, नायतर बसा इथंच, माका काय!" मला गोड बोलता येत नाही, पण हात देता येतो. आणि दर वेळी मनात म्हणायचे, बघ बाबा, असं थांबतात. थांबलं म्हणून जग बुडत नाही. चार वर्षं मी हे तुझ्या नावानं बोलत धावले. लोकांना वाटायचं मी परोपकारी आहे. मी भांडत होते.

या वर्षी रत्नागिरीला कुठल्याशा महिला मंडळानं चाळिशीवरच्या बायकांची चार मैलांची शर्यत ठेवली. शाळेतल्या बाईंनी माझं नाव घातलं. त्या म्हणाल्या, "चार मैल चाळीस मिनिटांत झाले तर तुमचा नंबर आलाच म्हणून समजा." आधी रोजच्या वाटेवर वेळ लावून बघायला एका सकाळपुरतं स्वतःचं घड्याळ दिलं. बाबा, मला आयुष्यात कुणी नंबर दिला नव्हता. तिसरीतून काढून घरी बसवली, लग्न झालं, नवरा मुंबईला, शिमग्याला आणि गणपतीला तोंड दाखवतो, बाकी वर्षभर काजू. त्या दिवशी घड्याळ बांधून मी सुटले ती वाऱ्यासारखी. काटा बघत होते, छाती फुटत होती, आणि मला ते आवडत होतं.

पऱ्यावर आता मोरी आहे. तिच्या कठड्यावर एक म्हातारी बसलेली. शेजारी गाठोडं. अनोळखी. मला बघून तिनं हात वर केला. "बाय गो," म्हणाली, "जरा हात देतंस? उठवत नाय." मी घड्याळ बघितलं. अठरा मिनिटं. आणि माझ्या तोंडून निघालं, "येताना बघते, आजी!"

पाय थांबले नाहीत. मागून तिचा आवाज आला, "बरां, ये हां."

एकोणचाळीस मिनिटं, बाबा. तिठ्यावरच्या चहावाल्यानं टाळ्या वाजवल्या, चहा दिला. मी घोट घोट करत प्यायले, त्याला घड्याळ दोनदा दाखवलं. म्हातारी मला आठवत होती, विसरले असं नाही. पण येताना बघायचंच होतं ना. शब्द दिला होता. येताना मोरीवर दोन बैलगाड्या थांबल्या होत्या. म्हातारी कठड्याला टेकलेली, तोंड हातखंब्याच्या बाजूला वळवून. मेली होती. एक गाडीवान म्हणाला, "उरात कळ आली असंल. कुणी वाटंवर असता तर गाडीत घालून दवाखान्यात तरी नेला असता." तिच्या गाठोड्यात तांदळाचं पीठ, चार आमसुलं आणि एक धुवट लुगडं होतं. पुढं कळलं, संगमेश्वराकडची होती, लेकीकडं निघाली होती. पोलीसपाटील आला. त्यानं मला विचारलं, "तू रोजची या वाटंची. हिला जिती बघितलीस काय?"

मी म्हटलं, "नाय."

शर्यतीला मी गेले. दुसरी आले. स्टीलचा डबा मिळाला, त्यात मीठ ठेवते. सगळ्यांनी कौतुक केलं, शेजारच्या म्हातारीनं नारळ दिला. धावणं मी सोडलं नाही. सोडलं तर सगळे विचारतील का सोडलंस. रोज मोरीवरून जाते, कठड्याकडं बघत नाही.

आता जे सांगायला बसले ते. "येताना बघते" हे माझ्या तोंडून निघालं, तेव्हा मला वाटलं हा तुझा शब्द माझ्या जिभेवर चढला. तुझंच रक्त, म्हटलं, दुसरं काय होणार. चार दिवस त्याचाही राग मी तुझ्यावरच काढला. पाचव्या दिवशी कारखान्यात काजू फोडता फोडता हात थांबला, आणि मला पऱ्यापाशी मी काय बोलले ते ऐकू आलं. विसरले कधीच नव्हते. त्यावर पाट टाकून बसले होते, एवढंच.

आयेनं मला पिटाळलं तेव्हा ती काय म्हणाली सांगू? ती म्हणाली, "बाबाला गाठ. सांग त्याला, जाताना सांगून जा सुईणीला. जाताना." जन्मात पहिल्यांदा तिनं तो शब्द काढला, तोही दोनदा. मी दचकले. तिला कळत होतं ती काय बोलतेय, म्हणून तर दोनदा बोलली. मी धावले. तुला गाठलं. तू काठी वाजवत पाण्यात उतरत होतास, मागे न बघता विचारलंस, "काय गो?" माझ्या जिभेवर 'जाताना' आला. आणि माझा कान वाजला. तू परत मारशील, जीभ छाटशील. ऐन पऱ्यात उतरताना तो शब्द काढला तर तू बुडशील, हेही वाटलं. आज मला दहा शब्द सुचतात. आत्ता, आधी, लगेच. तेव्हा एक सुचला नाही. मी म्हटलं, "आये म्हणते, येताना सुईणीला आण."

तू म्हणालास, "ठाव हाय. येताना आणतो. तू घरी पळ, तिच्यापाशी बस."

मी घरी पळाले. आयेनं विचारलं, "सांगितलंस?" मी म्हटलं, "होय." ती दाराकडं बघत पडून राहिली.

सगळे तुझ्या तोंडावर बोलले, मामा बोलले, मी बोलले. पोर 'येताना' म्हणाली होती, असं तू एकदाही कुणाला सांगितलं नाहीस. तुला आठवत नव्हतं असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. पण मी 'जा' म्हटलं तेव्हा तू डोळे उघडलेस, त्यात राग नव्हता. तुला आठवत होतं.

टपाल्याच्या पोरीचं हे पत्र, आणि टाकायला पेटी नाही. बाईंच्या वहीतली चार पानं आहेत, चुलीत घालेन. पण त्याआधी एकदा लिहून ठेवते, माझ्या हातानं. मी नीट बोलले नव्हते, बाबा. तू ऐकलंस ते बरोबर ऐकलंस.