सिनेमाच्या एकेचाळीस डब्यांची व्यवस्था

मी, केसरीनाथ महादू भोईर, वय ७१, पूर्वी शेतकरी, आता गोदामांचा मालक, राहणार राहनाळ, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे, माझ्या पश्चात भांडणे नकोत म्हणून हे मृत्युपत्र स्वखुशीने करून ठेवतो. कोणाचा दबाव नाही. डोके ठिकाणावर आहे. याबाबत घरात दुमत असल्यास ते ग्राह्य धरू नये.

१. राहते घर पत्नी कमळ हिला, तिच्यानंतर मुलगा मितेश याला. ती आहे तोवर "आई, तुम्ही बसा आता" असे म्हणून कोणी तिला चुलीपुढून उठवू नये.

२. दोन्ही गोदामे मितेशला. एका कानाला मोबाइल लावून समोरच्या माणसाशी बोलायची त्याची सवय मला कधीच आवडली नाही, हे येथे नोंदवतो.

३. चुलत बंधूंनी आमचा बांध हातभर सरकवला होता. आता जमीन गोदामाखाली गेली, बांधही गेला. वाद तेवढा शिल्लक होता, तो मी सोडला.

४. माझ्या खोलीतील काचेच्या कपाटात सिनेमांचे एकेचाळीस डबे आहेत. घरच्यांना ते खूळ वाटते, म्हणून सविस्तर लिहितो. पहिला डबा आमच्याच गोदामात, भाडेकरूकडे परत आलेल्या मालात पाहिला. पत्र्याचा, चांगला जाड, झाकणावर उठावाचे चित्र, आत डिस्क आणि फोटोंचे पुस्तक असल्याचे वेष्टनावर छापलेले, मागे नंबर: पाचशेपैकी दोनशे बारा. लहानपणी जत्रेच्या तंबूत खेळ संपला की धूळ झटकून घरी यायचे, हातात काही उरत नसे. इथे अख्खा सिनेमा हातात होता, आणि तसा जगात पाचशे जणांकडेच. शेती गेलेल्या माणसाला असा नंबर किती गोड लागतो, ते मितेशला कळणार नाही. त्या भाडेकरूला सांगून मी तो विकत घेतला आणि पुढे मागवतच गेलो. प्लॅस्टिकचे सील तोडले की मोल गेले, असे हे डबे जमवणारे मानतात. मीही मानले. त्यामुळे कित्येक वर्षे एकही सिनेमा पाहिला नाही.

५. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत नवी सून रुचिका हिने दोनशे बारा नंबरचा डबा, दिसायला छान म्हणून, सील काढून, धुऊन, त्यात शंकरपाळ्या भरून शेजारच्या सुमतीबाईंकडे पाठवला. डिस्क आणि पुस्तक तिने स्वच्छ रुमालात बांधून ठेवले होते. मी ते पाहिलेही नाही. तिच्या माहेरची माणसे बसली असताना म्हणालो, "हिला घरात वागायची अक्कल न्हाय." तिसऱ्या दिवशी डबा परत आला. रिकामा देऊ नये म्हणून सुमतीबाईंनी आत साखर घातली होती. सील गेलेच होते, म्हणून दुपारी ती डिस्क लावली. सिनेमा फार चांगला निघाला, पण सांगायला जवळ कोणी नव्हते. तेव्हापासून रुचिका माझ्या खोलीत येत नाही. चहा उंबऱ्याबाहेर स्टुलावर ठेवते. तो कधी थंड नसतो. याचा मला फार त्रास होतो.

६. सर्व डबे रुचिकाला. मितेशने विकण्याचा आग्रह धरू नये. तिने ते फोडावेत, पाहावेत, त्यात फराळ भरावा, तिची मर्जी.

७. या कलमान्वये मी रुचिकाची माफी मागतो. (रद्द)

कलम ७ रद्द करण्याचे कारण: साक्षीदार सुमतीबाई मसुदा वाचून म्हणाल्या, "केसरीनाथभाऊ, हे तुम्ही गेल्यावर वकिलांनी तिला वाचून दाखवायचं? मग तिने उत्तर कोणाला द्यायचं?"

वकिलांनी पेन खाली ठेवले. मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो आणि त्या दिवशी माझे चुकले, असे रुचिकाला सांगितले. तिने पिठाचे हात पुसले. मग म्हणाली, "बाबा, तीन वरसं झाली. आता येऊ का मी खोलीत?"

मी हो म्हणालो. सध्या ती कपाटापुढे बसली आहे आणि सील कापायला कात्री मागते आहे. म्हणून येथेच सही करतो.

सही: केसरीनाथ महादू भोईर

साक्षीदार:
१. सुमती गजानन टिपणीस, निवृत्त शिक्षिका, राहनाळ
२. ॲड. अवधूत श्रीपाद गुप्ते, भिवंडी

राहनाळ, दिनांक ९ फेब्रुवारी २०२५