मागच्या खोलीचा रंग

२८ नोव्हेंबर

अहो,

नमस्कार. मी बरी आहे. गुडघा त्याच्या परीने कुरकुर करतो, मी माझ्या परीने. तुमच्या पुलाचं काम कुठवर आलं? त्या डोंगरात फोन लागत नाही याचा पूर्वी राग यायचा. आता वाटतं, बरंच आहे. पत्रात माझं वाक्य मध्येच कुणी तोडत नाही.

तुमचं पत्र परवा मिळालं. थोरल्या भाऊजींच्या इमारतीतली लिफ्ट सारखी बंद पडते, म्हणून आई हिवाळाभर आपल्याकडे राहणार आणि जानेवारीत येताना तुम्ही त्यांना सोबत आणणार, हे वाचलं. आनंदच आहे. सासू-सुनेचं आमचं कधी वाजलं नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पुढे तुम्ही लिहिलंत, "मागची खोली रंगवून घे. उबदार रंग दिला की खोली थंड वाटत नाही, इथले इंजिनिअरही तेच सांगतात." ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. चहा टाकला होता, तो उतू गेला. ओटा पुसला, मग गरज नसताना कपाटही पुसलं.

रंगारी येऊन खोली पाहून गेला. मोठ्या मिशांचा आहे आणि बोलका. दाराशीच थांबून म्हणाला, "ताई, इथे कुणी राहतं का?" मी म्हटलं, "खोकी राहतात." तो हसला. भिंतीवरून हात फिरवला, खिडकीच्या फटीत बोट घातलं आणि म्हणाला, "आधी ही फट बुजवू. वारा आत येत असला तर रंग बिचारा काय करणार."

दुकानातून रंगांचे नमुने आणलेत, त्यांचे तुकडे कापून सोबत पाठवते आहे. निवड तुम्हीच करा. नाहीतर आल्यावर म्हणाल, मला विचारलं नाहीस.

मागच्या हिवाळ्यात याच खोलीबद्दल आपलं एक बोलणं झालं होतं. तुम्हाला आठवतं की नाही, माहीत नाही. जाऊ दे. बेल वाजते आहे.

तुमची,
घाईत

१४ डिसेंबर

अहो,

नमस्कार. तुम्ही परत पाठवलेला हस्तिदंती तुकडा मिळाला. त्याच्या पाठीवर लिहिलंत, "हा शांत वाटतो." साईटवरच्या पिवळ्या दिव्याखाली वाटत असेल. रंगाऱ्याने पहिला हात दिला तेव्हाच मला शंका आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर भिंती अंगात ताप असलेल्या माणसासारख्या उतरलेल्या. उत्तरेच्या खिडकीतून येतो तो उजेडच निळसर, त्यात तुमचा हस्तिदंती पार राखाडी पडला. खोलीत उभं राहिलं की आपण दवाखान्यात नंबर यायची वाट बघतोय असं वाटायचं.

मग मी तुम्हाला न विचारता दुसरा रंग आणला. लिहून टाकलं, सुटले. पिकलेल्या जर्दाळूचा असतो ना, तसा आहे, पण त्यात चिमूटभर माती मिसळल्यासारखा. या वेळी दुकानातल्या उजेडावर भरवसा ठेवला नाही. एका पुठ्ठ्याला रंग लावला आणि तो दिवसभर एकेका भिंतीला टेकवून पाहिला. सकाळी कसा दिसतो, दुपारी कसा दिसतो, दिवा लावल्यावर कसा दिसतो. पुठ्ठा घेऊन मी घरभर अशी फिरत होते की शेवटी रंगारी म्हणाला, "ताई, बसा जरा. रंग वाळायच्या आधी तुम्ही वाळाल."

चकचकीत घेऊ नका, असं तो म्हणाला. चकचकीत भिंतीत सारखी खिडकीच दिसत राहते आणि डोळ्यांना गार लागतं. म्हणून मॅट घेतला. छत उंच आहे, त्याला तोच रंग थोडा फिका करून दिला आणि चारी भिंतींवर वरून हातभर खाली उतरवला. त्याने खोली बसकी वाटते, आपल्याजवळ सरकल्यासारखी. पांढऱ्या ट्यूबलाइटच्या जागी पिवळा दिवा लावला, जुना विटकरी पडदा धुऊन टांगला.

थर्मामीटर काही हललेला नाही, खोटं कशाला सांगू. पण खिडकीशी खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेलं माणूस थोड्या वेळात शाल खांद्यावरून काढून मांडीवर ठेवतं. शब्दकोडं सुटलं की गुणगुणतंही.

माणूस म्हणजे मीच, दुसरं कोण असणार. तुम्ही म्हणाल, तू कधीपासून शब्दकोडी सोडवायला लागलीस. लागले.

आणखी लिहिणार होते, पण बसवत नाही. एक वाक्य लिहिते, उठते, गॅस बंद आहे ना बघते, पुन्हा बसते. काय लिहायचं होतं तेच राहून जातं.

तुमची,
उभ्या उभ्या

२३ डिसेंबर

अहो,

आज कुशल विचारत नाही. मागच्या पत्रात मी थाप मारली, ती आधी निस्तरते.

मागच्या खोलीत माझे बाबा राहताहेत. रंगाचा वास गेला आणि मी दादाकडे जाऊन त्यांना घेऊन आले. शब्दकोडं ते सोडवतात. गुणगुणतातही तेच.

मागच्या हिवाळ्यात मी तुम्हाला विचारलं होतं, बाबांना थोडे दिवस आणू का. दादाच्या घरी ते स्वयंपाकघराला लागून असलेल्या बोळात झोपतात. वहिनी पहाटे उठते तेव्हा त्यांचे पाय ओलांडून जावं लागतं, मग बाबा पाय पोटाशी घेऊन पडून राहतात. दादा वाईट नाही, वहिनीही नाही, घर लहान आहे. तेव्हा तुम्ही जेवता जेवता म्हणालात, "ती मागची खोली फार थंड आहे गं, म्हाताऱ्या माणसाला सोसायची नाही." इतकं सहज म्हणालात की मलाही ते काळजीचंच बोलणं वाटलं. मी दादाला तसंच कळवलं. दादा म्हणाला, "बरं."

आणि या वर्षी, रंग दिला की त्याच खोलीला ऊब येते, हे तुमच्याच हस्ताक्षरात वाचलं. म्हणजे उपाय होता. माझ्या बाबांच्या वेळी तो तुम्हाला सुचला नाही, इतकंच. मला भयंकर राग आला. अजून आहे. राग आला की मी भांडत नाही, पुसापुशी करते, हे तुम्हाला माहीत आहे. सध्या आपल्या घरात धुळीचा कण सापडायचा नाही.

आता आईंचं. त्यांना मी परवा फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी आधी विचारलं, "घोरतात का गं ते?"

मी म्हटलं, "थोडे."

"मग मला पुढची खोली दे. तिथून रस्ता तरी दिसतो. मागे बसून मी काय भिंतीशी बोलू?"

पुढची खोली म्हणजे आपली. तिला दिवसभर ऊन असतं, रंगाचीही गरज नाही. आपण दोघं हॉलमध्ये झोपू. दाराखालून वारा येतो, तुम्हाला थंडी वाजेल, मलाही वाजेल. हॉलला काय रंग द्यायचा ते तुम्ही आल्यावर भिंतीसमोर उभं राहून ठरवू या. लिफाफ्यातून आता नको.

तर आईंचं 'हो' मिळालं आहे. तुमचं नाही. दिवसभर माझ्या येरझाऱ्या चालतात त्या त्यासाठी.

बाबा बॅग उघडून ठेवत नाहीत. लागेल तो सदरा बाहेर काढतात, अंगावरच्याची घडी करून आत ठेवतात आणि चेन लावून टाकतात. कपाट त्यांना रिकामं करून दिलं आहे, त्याच्या दाराला अजून त्यांचा हात लागलेला नाही. रोज सकाळी चहाचा कप हातात घेताना विचारतात, "जावईबापूंना विचारलं आहेस ना?"

मी म्हणते, "हो बाबा. त्यांनीच तर लिहिलं, खोली रंगवून घे म्हणून."

ते मान हलवतात, भिंतीकडे बघतात. "चांगला माणूस आहे," म्हणतात. काल म्हणाले, "रंगही छान निवडलाय त्यांनी."

मी कप उचलून आत गेले.

हे पत्र मी परवानगी मागायला लिहीत नाही. ती एकदा मागून झाली. बाबा हिवाळाभर इथेच राहतील, त्यात बदल नाही. पण रोज सकाळी त्यांना देते ते उत्तर अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं तुमच्या हातात आहे. मला उलटटपाली काही लिहू नका. माझ्यावर चिडायचं असेल तर आल्यावर चिडा, हॉलमध्ये, दार लावून, मी ऐकून घेईन आणि माझंही ऐकवीन. पत्र बाबांच्या नावाने पाठवा. चार ओळी पुरे. खोली आवडली का, थंडी वाजत नाही ना, आणि कपडे कपाटात लावून घ्या. तुमच्या मनात नसेल तर लिहू नका. खोटं लिहिलंत तर ते त्यांना कळेल. रंगाबद्दलचा त्यांचा समज मात्र मोडू नका, तो तुम्हीच निवडला असं त्यांना वाटू दे.

इतके दिवस मी पोस्टमनला जिन्यातच गाठत होते, तुमचं पत्र बाबांच्या हाती पडू नये म्हणून. उद्यापासून खाली उतरणार नाही. बेल वाजली की बाबांनाच दार उघडू देणार आहे.

तुमचीच,
पण त्याआधी त्यांची मुलगी