जाळीच्या कपाटातली संत्री

दि. ३ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

विजेच्या खांबावर असशील तर आधी खाली उतर आणि मग हे वाच. आमच्या वृद्धाश्रमात परवा एक नवीन बाई दाखल झाल्या. स्वयंपाकघरातून मी सहज डोकावले, तर व्हरांड्यातल्या बाकावर कोण बसलेलं? आपली काकू, जिच्या घरात आपण वाढलो तीच! शेजारी तिचा लेक, तो राजपुत्र, सारखा घड्याळात बघणारा. सही ठोकून पायऱ्या उतरला तो मागे वळूनसुद्धा न बघता. ज्याच्यासाठी तिने फळं कुलपात ठेवली, त्याने तिला वर्षभर चहा-बिस्किटांवर ठेवलं होतं म्हणे. करावं तसं भरावं, दुसरं काय!

मला तिने ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. मीही कच्च्या गुरूची चेली नाही. नव्या माणसाला विचारतात तसं मी तिला विचारलं, की जेवणात काय चालत नाही.

काल डॉक्टर तपासून गेले. हिरड्यांतून रक्त येतं, पायावरची जखम भरत नाही, आणि तिन्हीसांज झाली की भिंत चाचपत चालते. मला बाजूला घेऊन त्यांनी बजावलं, की मोतीबिंदू नाही, पोटात भाजी नाही, फळ नाही, म्हणून हे सगळं. रोज पालेभाजी, गाजर, लाल भोपळा, पपई, संत्रं गेलं तर नजर परत येईल, हयगय केली तर डोळे कायमचे जातील. मी मान डोलावली. अरे, शाळेच्या तपासणीला आलेले डॉक्टर तुझ्याबद्दल अगदी हेच बोलले होते! मी धावत घरी येऊन काकूला सांगितलं, तर ती म्हणाली होती, की डॉक्टरांना काय जातंय बोलायला. आणि त्याच संध्याकाळी तिने तुला नेहमीसारखा विसळलेल्या पेल्यांचा ट्रे देऊन मागच्या मोरीतून पुढच्या खोलीत पिटाळलं. वीज जळते म्हणून दिवा लावायचा नाही. तुला दाराची चौकट दिसायची नाही, पेला फुटायचा, आणि तू दोन्ही हात कानांवर घेऊन माराची वाट बघत उभा राहायचास. धडपड्या हे नाव तिनेच पाडलं तुला.

पथ्याची ताटं इथे मीच वाढते, झाकणंही मीच घालते. आज तिच्या ताटात पांढरा भात, उकडलेला बटाटा आणि पाव गेला. डॉक्टरांना काय जातंय बोलायला.

डब्यात रोज भाजी नेत जा. लोभ आहेच, तो असाच खातापिता राहू दे.
तुझी ताई

दि. १० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र शिडीवरच वाचलं आणि पडलो नाही, हे आधी कळवतो. खाली आल्यावर मात्र इतका हसलो, की आमच्या मुकादमाला वाटलं, मला झटका बसला.

ताई, मला ते जाळीचं कपाट अजून दिसतं. वरच्या फळीवर संत्री, खाली पपई, आणि किल्ली काकूच्या कमरेला. मी जाळीला नाक लावून वास घेत उभा राहायचो. मग नाकावर जाळीची नक्षी उमटायची आणि तू त्यावरून मला चिडवायचीस. राजपुत्राला फळं आवडत नव्हती हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. संत्री सुकायची, बुरशी धरायची, आणि काकू ती कचऱ्यात टाकायची. आपल्याला द्यायची नाही. मारापेक्षा मला तेच जास्त लागलंय.

आपण दोघं वसतिगृहात गेल्यावर तू माझ्या मानगुटीवर बसून पालक खायला लावायचीस. मी तुला शिव्या घालायचो. मग एका संध्याकाळी कठड्याला हात न लावता जिना उतरलो आणि खालच्या पायरीवर बसून रडलो. डोळे उघडले तसा रागही स्वच्छ दिसायला लागला.

तेव्हा माझं ऐक. फळांची टोपली तिला दिसेल अशी ठेव, पण हात पोचणार नाही अशी. पाव जरा शिळा दे. तुझी भावजय म्हणते, की तुम्ही दोघं भावंडं वेडी आहात आणि हे पाप आहे. तिला काय, तिने कधी जाळीचा वास घेतलेला नाही.

सगळं सविस्तर कळव. लोभ आहे तो आपल्या दोघांतच राहू दे, तिकडे सांडू नकोस.
तुझा धडपड्या

दि. २ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या सूचना अमलात आणल्या. चार वाजता मी फळांची टोपली घेऊन सगळ्या खाटांवरून फिरते. तिच्या शेजारच्या खाटेवर निवृत्त मास्तरीणबाई आहेत. त्यांच्याजवळ उभी राहून मी संत्रं सावकाश सोलते, वास पुरता दरवळू देते आणि पुढे जाते. काल तिने तोंड उघडलं. बाई, एक फोड मिळेल का, असं विचारलं. मला अहो-जाहो करत होती! मी सांगितलं, की संपली. टोपली फडक्याखाली अर्धी भरलेली होती. मग मोरीपाशी उभं राहून ते संत्रं मीच खाल्लं, आणि खरं सांगते, इतकं गोड संत्रं मी जन्मात खाल्लं नव्हतं.

मास्तरीणबाईंनी एकदा स्वतःच्या ताटातलं गाजर तिला दिलं. मी दुसऱ्याच दिवशी त्यांची खाट खिडकीपाशी हलवली. उजेड चांगला मिळेल, असं कारण सांगितलं. डॉक्टर विचारत होते, फरक का नाही. मी म्हटलं, ताट तसंच परत येतं, खातच नाहीत त्या. बघ, तुझ्या ताईला आता थापाही मारता येतात. सूड म्हणजे काही गाजराची पुंगी नव्हे, वाजली तर वाजली म्हणायला. मी ती वाजवणारच.

संध्याकाळी ती आता खाटेवरून उतरत नाही. मी लांबून बघते. झोप छान लागते मला.

लोभ ठेव आणि पपई पिकली असेल तर लगेच खा, ठेवून सुकवू नकोस.
तुझी ताई

दि. १९ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

आज लांबण लावत नाही. परवा तिन्हीसांजेला, दिवे लागायच्या आधी, तिला तहान लागली. तिने कोणाला हाक मारली नाही. उशाजवळचा पेला चाचपडला आणि तो फरशीवर पडून फुटला. मी दारातच होते. मनात म्हटलं, बरं झालं. दिवा लावला. तर ती खाटेच्या काठावर दोन्ही हात कानांवर घेऊन बसली होती. तुझ्यासारखी. अगदी तुझ्यासारखी रे, कोपर वर आणि मान खांद्यांत.

मग म्हणाली, की मोठे, मारू नकोस, मला दिसलं नाही गं. लहानपणी मला मोठी म्हणायची, ते नाव तिला आठवत होतं. मी म्हटलं, त्यालाही दिसत नव्हतं. त्यावर तिने कानांवरचे हात खाली घेतले आणि म्हणाली, की माहीत होतं. तू डॉक्टरांचं सांगितलंस तेव्हाच कळलं होतं. पण तुमच्यासाठी कपाट उघडलं असतं, तर तुम्ही कायमची राहिली असतीत.

धाकट्या, मला वाटत होतं तिला अक्कल नव्हती. तिला सगळं माहीत होतं. आणि डॉक्टरांनी बजावल्यापासून मलाही सगळं माहीत होतं. फुटलेली काच गोळा करताना एक कपची माझ्या बोटात गेली.

काल तिच्या ताटात पालक, गाजर आणि लाल भोपळा वाढला, थोड्या तेलावर परतून. डॉक्टरांनाही खरं सांगितलं. त्यांनी मला नको नको ते सुनावलं आणि परत असं घडलं तर स्वयंपाकघरात पाय ठेवू देणार नाहीत, असा दम दिला. मी ऐकून घेतलं.

रागावू नकोस.
ताई

दि. २४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

रागावू नको कसं? पाठ माझी सोलली, डोळे माझे गेले होते, आणि माफी तू वाटून मोकळी झालीस, मला न विचारता! दोन टिपं गाळली की झालं? कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच. तिने तुला सरळ तोंडावर सांगितलं, की मुद्दाम केलं, आणि तू तिला भोपळा भरवतेस! मला तुझं पत्र नको होतं.

लोभाचं नंतर बघू.
धाकटा

दि. ८ मे

चि. धाकट्यास,
आशीर्वाद तुला हवे असोत-नसोत, ते आहेतच.

माफ कोणी केलंय? नीट वाचायला शीक. आंधळीवर कसला सूड उगवायचा? तिला अंधारात सोडलं, की ती सुटली. न दिसण्यासारखी सोय नाही, बाबा. आणि मी कपाटाला कुलूप घालत राहिले असते तर तिचीच गादी चालवली असती, हेही आहे. त्या घरातलं दुसरं काहीही उचलेन, पण काकूच्या कमरेची ती किल्ली मला नको आहे.

हिरड्या आवळल्यात, जखम भरत आली आहे. काल संध्याकाळी तिने माझा हिरवा एप्रन व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकावरून ओळखला आणि लगेच मान खाली घातली. रोज चार वाजता मी संत्रं सोलून तिच्या हातावर ठेवते आणि ते संपेपर्यंत समोर उभी राहते. खाताना तिच्या डोळ्यांतून पाणी येतं. पुसायला मी फडकं देत नाही.

तुझा राग माझ्यावरही असेल तर असू दे, पण जेवण सोडू नकोस.
तुझी ताई

दि. १५ मे

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

पत्र परत वाचलं. तुझ्या भावजयीनेही वाचलं आणि या वेळी तिने पाप हा शब्द काढला नाही, म्हणजे तुझं बरोबर असणार.

येत्या रविवारी मी येतोय. संध्याकाळी येईन. मी येईपर्यंत तिला पालक, गाजर, पपई भरपूर दे, एक दिवस चुकवू नकोस. तिची नजर मला लख्ख हवी आहे. तुमच्याकडे पेले काचेचेच आहेत ना? ट्रे भरून ठेव. दिवे कोणाला लावू देऊ नकोस. मोरीपासून तिच्या खाटेपर्यंत तो ट्रे मी नेणार आहे, भिंतीला हात न लावता. तिला काही बोलायचं नाही. तिने फक्त बघायचं.

लोभ तुझ्यावर होता तेवढाच आहे. त्यातला तिला देऊ नकोस, संत्री दे.
तुझा धाकटा