हेमंताला शून्य गुण

आप्पा, तुमच्याविरुद्ध एक गंभीर तक्रार आहे. चष्म्याच्या डबीत तुम्ही जन्मभर सुपारीची खांडं ठेवलीत. तुमच्यामागे ती डबी मी वापरतो, आणि मला अख्खं कोल्हापूर सुपारीच्या वासातून दिसतं. दाद कुठे मागायची ते कळवा.

पुढे त्या डबीत नुसती सुपारी राहिली आणि चष्मा आईला तांदळात सापडला. आम्ही हसलो. मग एकदा मंगळवार पेठेतून घरी निघालेले तुम्ही थेट गावाच्या दुसऱ्या टोकाला, कसबा बावड्याला, कारखान्याच्या फाटकाशी बसलेले. ओळखीच्या दूधवाल्याने आणून सोडलं. म्हणाला, “ह्यास्नी घर इचारलं, तर श्लोक म्हणत्यात की.” डॉक्टर तुमचेच विद्यार्थी. आधी पाया पडले, मग म्हणाले, “सरांची परीक्षा मी घ्यायची व्हय?” आणि तुमचं रोजचं स्तोत्र म्हणायला सांगितलं. तुम्ही ते एका दमात म्हटलंत, वर त्यांचा एक उच्चार सुधारलात. त्यांनी खूश होऊन टॉनिक लिहून दिलं. आपल्या घरात पाठांतर म्हणजेच डोकं. पेढे वाटायचे तेवढे राहिले. सरकारी दवाखान्यात वयाला दोष दिला, वैद्यांनी वाताला. आई प्रत्येक ठिकाणी दाराशी उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

दोन हजार सालानंतर ताईने तुम्हा दोघांना तिच्याकडे इंग्लंडला नेलं. तिथल्या डॉक्टरबाई कागद पुढे घेऊन विचारतात, सध्या ऋतू कोणता? बाहेर धुकं आहे. तुम्ही खिडकीतून बघून म्हणता, “हेमंत.” त्यांच्याकडे ऋतू चारच, गुण शून्य. त्या दिवसातलं तुमचं एकमेव बरोबर उत्तर होतं ते, आप्पा. पण मग बाईंनी आईला वेगळं बसवलं, ताईला दुभाषी केलं आणि विचारलं, घरी काय काय होतं? आई बोलतच राहिली. शेवटी म्हणाली, “हल्ली मला ‘अहो बाई’ म्हणतात. चहा घेऊनच जा म्हणतात.” डिमेन्शिया हा शब्द त्या दिवशी आपल्या घरात आला.

गेल्या महिन्यात मी राधानगरीच्या एस.टी.त बसलो, आणि कंडक्टर समोर आला तेव्हा कुठे निघालोय तेच आठवेना. उद्या डॉक्टरांकडे जातोय. तिथे श्लोक म्हणणार नाही. बायकोला बरोबर नेणार आणि आधी तिला बोलू देणार. तुमची सून ही संधी सोडायची नाही. हे पत्र सुपारीच्या डबीतच राहील.

रोज सकाळी ते स्तोत्र म्हणून बघतो. एक अक्षर चुकत नाही. त्याचीच मला भीती वाटते.